बाहेरच्या खोलीचं उत्तर

१० नोव्हेंबर २०२४
जर्मनी, मोठा मठ

माझ्या बॅगेतला जवळ्याचा डबा काढायला तुला कोणी सांगितलं होतं? मी स्वतः भाजला, डब्यात भरला, वर फडकं बांधलं. इथे येऊन उघडला तर आत दिवाळीचे उरलेले लाडू. तेही बेसनाचे, टाळ्याला चिकटणारे. विमानात वास येईल म्हणशील. विमानात एक माणूस पायमोजे काढून बसला होता, त्याला कोणी उतरवलं नाही.

चि. कल्पिता, आशीर्वाद. पोचलो. जिवंत आहोत.

फोन करू नको. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि तू काय बोलतेस ते मला कळत नाही, नुसती "हां हां" करून मी थकते. मी कागदावर लिहीन. सिस्टर लीना त्याचा फोटो काढून तुला पाठवेल. तूही हाताने लिहून फोटो पाठव. ती टाइप केलेली अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. लीना म्हणते मी वाचत नाही. वाचत असेल तर वाचू दे, वसईची पोरगी आहे, मराठी शुद्ध होईल तिची.

मांडव्याला चाकाची खुर्ची लाँचवर चढवताना फळीवर अडली. दोन खलाश्यांनी वालबाईला खुर्चीसकट उचललं. ती खूश. मुंबईला डॉक्टरकडे जातोय असंच तिच्या डोक्यात. विमानतळावर मात्र घाबरली. माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं ते इथे बिछान्यावर ठेवेपर्यंत सोडलं नाही. मला मोरीतसुद्धा एकटीला जाऊ देईना. आपल्या मठाची मदर आणि लीना पुढे पुढे, त्यांच्या काळ्या झग्यांच्या मागे मी, आणि माझ्या पदराला बांधलेली वालबाई. लोक बघत होते. बघू देत.

आता मुख्य गोष्ट. चौलला पन्नास वर्षं दवाखाना चालवला या बाईने. वाल्बुर्गा हे नाव गावाच्या तोंडात बसलं नाही, आपण वालबाई केलं, तिने ते घेतलं. गेल्या वर्षी झटका आला आणि तिची स्वतःची भाषा तेवढी पुसली गेली. उरली ती आपली, गावातली. मला वाटलं होतं माहेरी आणलं की जुनं काहीतरी हलेल. काही हललं नाही. काल एक म्हातारी सिस्टर आली, नव्वदीची. दोघी एकाच शाळेत होत्या, एकाच दिवशी मठात शिरल्या. ती हिचा हात धरून तासभर बोलली, डोळे पुसले. वालबाई माझ्याकडे वळून म्हणते, "कोकले, या बायला सांग गो, मला हिचं काय समजत न्हाय."

मी कसं सांगणार? मला तरी कुठे समजतं?

आणि इथल्या बायका माझ्यावर चिडल्यात. जेवायला बसलं की एक शब्द बोलत नाहीत. एकटी कोपऱ्यात उभी राहून पुस्तकातलं मोठ्याने वाचते, बाकीच्या खाली मान घालून जेवतात. पहिल्या दिवशी मी मीठ मागितलं तर एकीने ओठांवर बोट ठेवलं. मी ताट सरकवून उठले. माझ्या घरी मला कोणी गप्प बसवलं नाही, हिने बसवावं?

वाल पेरून झाला का ते कळव. संक्रांतीच्या आत आम्ही दोघी परत येतो. डॉक्टर काय ते उपचार लवकर करू देत म्हणजे झालं.

कोकिळा

*

१३ नोव्हेंबर २०२४
चौल

ती. आजी, नमस्कार.

जवळा मीच काढला. वास कपड्यांना लागला असता. आल्यावर हवा तेवढा खा, पण तिथे नको.

त्या तुझ्यावर चिडलेल्या नाहीत गं. जेवताना बोलायचं नाही हा त्यांचा नियमच आहे. इथेही पाळायच्या, तू स्वयंपाकघरात असायचीस म्हणून तुला दिसलं नाही. मीठ हवं असेल तर बोटाने खूण कर. आणि कृपा करून पुन्हा ताट सरकवू नको.

इकडे सगळं ठीक आहे. वाल पेरला. पांढऱ्या कांद्याची रोपं या आठवड्यात लावू. तुळशीचं लग्न लागलं. तू नव्हतीस म्हणून मंगलाष्टकं कोणाला धड येईनात, आईने मोबाइलवर लावली. मठाच्या घरी सध्या रंगकाम चाललंय, त्यामुळे मी दवाखान्यात जात नाहीये. घरीच असते.

बाबा तुझी चौकशी करतात. कामात आहेत. वादळात बागेचं जे नुकसान झालं ते अजून भरून निघालेलं नाही, म्हणून दुसरं काहीतरी बघतायत. तुला आल्यावर सांगतीलच.

तू तब्येत सांभाळ. थंडी खूप असेल. पायमोजे घाल, लाजू नको. वालबाईंजवळ रहा, एवढंच. बाकी कशाची चिंता करू नको आणि तिथल्या लोकांना उगाच प्रश्न विचारू नको. ते सगळं तिच्या भल्याचंच करतायत.

तुझी,
कल्पिता

*

१७ नोव्हेंबर २०२४

चि. कल्पिता, आशीर्वाद.

प्रश्न विचारू नको असं तू मला लिहिलंस तिथेच मी समजले की प्रश्न विचारायला पाहिजेत. तू लहानपणी कपाटाजवळ उभी राहून "कपाटात काही नाही" म्हणायचीस, तसं झालं.

रंगकाम कोणत्या खोलीचं? वालबाईच्या खोलीतलं सामान कुठे ठेवलं? तिची लोखंडी खाट, तिचं फडताळ, दवाखान्याची जुनी वजनाची तराजू ज्यात आपल्या गावची सगळी पोरं मापली. तू लिहिलं नाहीस. आणि ऐन वाल पेरायच्या दिवसांत रंग कोण काढतं?

इथे माझा दिवस असा. सकाळी घंटा होते, सगळ्या देवळात जातात, गातात. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. आवाज चांगले आहेत, मला यंत्रातून अर्धे ऐकू येतात तरी कळतं. मी वालबाईजवळ. तिला माझ्याशिवाय कोणाच्या हातून खायचं नाही. इथली पोरगी चमचा घेऊन आली की तोंड मिटते. दूधभात मी कालवला की खाते. या लोकांचा तांदूळ कसलाच नाही, पण गिळते. सकाळी उठली की पहिला प्रश्न, "कोकले, लाँच कवा सुटंल?" मी म्हणते, "भरतीला." मग गप्प होते. खिडकीबाहेर बर्फाचं पांढरं आणि त्यात काळी झाडं, पान नाही एकावर. ती बघते आणि म्हणते, "मीठ आलाय चांगला." मिठागर वाटतं तिला.

लीनाने मला एक गोष्ट सांगितली. यांच्यात एक शपथ असते. ज्या घरात शिरलं त्या घरात मरेपर्यंत राहायचं. घर आवडो न आवडो, सोबतच्या बायका कशाही असोत. दुसऱ्या पंथाच्या सिस्टर बदल्या होऊन फिरतात, या फिरत नाहीत. मी म्हटलं, हे तर आमच्यासारखंच झालं, फक्त सासू जास्त. लीना हसली. मग मी विचारलं, वालबाईची शपथ कोणत्या घराची? तर म्हणाली, पूर्वी इथली होती, पण चौलचं घर झालं तेव्हा तिने ती चौलला बांधली. मी म्हटलं, मग तिला इथे आणलीच का?

लीनाचं हसू गेलं. भांडी धुतलेली होती ती पुन्हा धुवायला लागली.

काल मदरने माझा पासपोर्ट मागितला, परतीच्या तिकिटाचं बघायचंय म्हणून. मी म्हटलं, हा घ्या माझा, आणि वालबाईचा तुमच्याकडेच आहे, दोघींचं बघा. तिने माझा घेतला आणि दुसरं काही बोलली नाही. केरळची आहे, मराठी थोडंच येतं. पण "हो" म्हणायला किती मराठी लागतं?

कल्पे, तू काय लपवतेस ते लिही. आडवळणाने लिहू नको, मला फार वाचता येत नाही, वाचायला वेळ लागतो. सरळ लिही.

कोकिळा

*

२० नोव्हेंबर २०२४

ती. आजी,

सरळ लिहिते.

चौलचा मठ बंद झाला. तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिघीच उरल्या होत्या, त्यातली एक बिछान्यावर. नवीन मुली येत नाहीत. मदर केरळला जाणार, लीना त्यांच्या दुसऱ्या घरी. वालबाईंना जर्मनीतच ठेवायचं ठरलंय. उपचारासाठी नाही. कायमचं. मदरने मला गणपतीत सांगितलं होतं.

तुला सांगितलं नाही कारण तू सोबत गेली नसतीस. आणि तू नसतीस तर वालबाई खोलीच्या उंबऱ्याबाहेर आल्या नसत्या. ते मागे एकदा अलिबागला नेताना झालं होतं ना, रिक्षाच्या दांड्याला धरून बसल्या होत्या. मदर म्हणाल्या, कोकिळाबाई बरोबर असल्या तरच हे जमेल. मी हो म्हटलं. मला वाटलं, तुलाही जग बघायला मिळेल. खरं सांगते, मला तसं वाटलं होतं.

तिथे मोठा दवाखाना आहे, चोवीस तास नर्स आहेत, गरम पाणी आहे. इथे कोण बघणार त्यांना? तूच सत्तरीच्या पुढे गेलीस.

त्यांचं सामान सुखरूप आहे. बाबांनी खाट आणि फडताळ आपल्या माळ्यावर टाकलंय. तराजू मी माझ्याजवळ ठेवलीय.

रागावशील हे माहीत आहे. राग माझ्यावर काढ, मदरवर काढू नको. त्या वाईट नाहीत.

कल्पिता

*

२२ नोव्हेंबर २०२४

मला गळ म्हणून वापरलंत. मी गळाला लावलेलं आतडं आणि वालबाई मासा. घरचीच पोर गळ टाकणारी.

राग नंतर. आधी काम.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी लीनाला घेऊन मोठ्या मदरकडे गेले. इथली सगळ्यांत वरची. उंच बाई, हातात काठी, बोलणं कमी. मी उभ्याउभ्याच बोलले, लीनाने सांगितलं. मी म्हटलं, या बाईने चौलच्या घराची शपथ घेतली. तुम्ही घर बंद केलंत, ते तुमचं तुम्ही बघा. पण चौलला माझं घर आहे. मठाच्या कुंपणाला लागून. मधे फक्त विहीर. मी तिला घेऊन जाते, माझ्याकडे राहील, माझ्याकडे मरेल.

मला वाटलं हाकलेल. तिने खुर्ची दिली. मग विचारलं, घर तुमच्या नावावर आहे का? मी खरं सांगितलं, मुलाच्या नावावर आहे. तर म्हणाली, घराच्या मालकाने दोन ओळी लिहून पाठवाव्या, की वालबाईला आम्ही आमच्या घरात घेतो. मी तिला जाऊ देईन. तिला इथे कोणाची ओळख नाही हे मलाही दिसतं. डॉक्टरने विचारल्यावर सांगितलं, या महिन्यात विमान झेपेल. पुढे सांगता येत नाही, रोज थोडी उतरतेय.

तेव्हा हे असं. बाहेरची खोली, सुपारीची पोती ठेवतो ती, रिकामी करायची. माळ्यावरची खाट खाली आणून तिथेच लावायची. मोरी बाजूलाच आहे. दिवसा मी बघेन, केसरला वरकामाला सांगेन, ती हिच्याच हातून जन्मलेली आहे, नाही म्हणणार नाही.

आणि तुझ्या बापाला आठवण दे. तो जन्मला तेव्हा निळा पडला होता. सुईण म्हणाली, गेलं. या बाईने त्याला पाय धरून उलटा लोंबकळवला, पाठीत धपाटे घातले, तोंडात तोंड घालून फुंकलं. मी बघत होते. तो रडला तेव्हा ती खाली बसली आणि माझ्याकडे पाणी मागितलं, बाळंतिणीकडे. त्याला हे माहीत आहे. दर वाढदिवसाला तिच्या पाया पडायला जायचा, लग्न होईपर्यंत.

दोन ओळी. विनेशच्या सहीने. "आम्ही तिला घेतो." उद्या सकाळी पाठवा.

कोकिळा

*

२७ नोव्हेंबर २०२४

ती. आजी,

उशीर झाला. बाबा पुण्याला गेले होते, काल आले. त्यांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून ओटीवर जाऊन बसले. मी विचारलं काय लिहू, तर म्हणाले, "आईला म्हणावं, तू ये, मग बसून बोलू."

मी म्हटलं, बाबा, तिला दोन ओळीच हव्यात. तर म्हणाले, "दोन ओळी लिहायला सोप्या असतात का?"

आजी, आता सगळं सांगते, कारण नाहीतर तू मलाच खोटारडी म्हणशील. मठाचं घर आपणच घेतलंय. भाड्याने, बऱ्याच वर्षांसाठी. बाबा तिथे होमस्टे करतायत. रंगकाम त्याचंच. आणि बाहेरच्या खोलीतली पोती आधीच हलवलीत, तिथे एसी बसला, टाइल्स लागल्या, मोरीचं बाथरूम झालं. नाताळपासून मुंबईचे पाहुणे ठरलेत. बाबा म्हणतात, पाहुणे ओट्यावर चहा पितायत आणि आतून म्हातारी ओरडतेय असं चालणार नाही. त्या ओरडतात ना कधीकधी. तुला ऐकू येत नाही, आम्हाला यायचं.

आतल्या खोल्यांत जागा कुठे आहे सांग. शिवदासदादा सुट्टीत बायकापोरांना घेऊन येणार. आई म्हणते, लंगोट बदलायला तिच्याच्याने होणार नाही, तिची कंबर तुला माहीत आहे. गावात लोकही बोलतील, मिशनची बाई घरात ठेवली, उद्या मेली तर कुठे नेणार, कोण नेणार. मठाचं कबरस्तान कुंपणाच्या आत आहे, ते आता कोणाच्या अखत्यारीत तेही ठरलेलं नाही.

आणि माझंही सांगते. दवाखाना बंद झाला, माझी नोकरी गेली. होमस्टेचं सगळं मी बघायचं असं बाबांनी ठरवलंय. मलाही काहीतरी हवं ना आजी? अलिबागला रोज जाऊन झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायचं का?

बाबांनी नाही म्हटलेलं नाही. तू आलीस की बोलू असंच म्हणाले. एवढं ऐक. त्यांना तुझ्यासमोर बोलायचंय, कागदावर नाही.

तुझी,
कल्पिता

*

४ डिसेंबर २०२४

वालबाई रविवारी गेली.

सकाळी दूधभात भरवत होते. दोन घास खाल्ले. तिसरा तोंडात तसाच राहिला. मी म्हटलं, गीळ गं. तिने माझ्याकडे बघितलं, नीट, ओळखून, आणि मग बघणं थांबलं. मी घास बोटाने काढला, तोंड पुसलं, मग दाराशी जाऊन हाक मारली. त्या आल्या. घंटा वाजवली. ती नव्वदीची म्हातारी आली, जमिनीवर बसली. तिला उठवायला दोघी लागल्या.

मी रडले नाही. इथल्या रडल्या. ज्यांचं नावही तिला आठवत नव्हतं त्या रडल्या. चांगल्या आहेत बायका. मी त्यांच्याबद्दल आधी लिहिलं ते चुकीचं लिहिलं.

तिला इथेच पुरली. माती दगडासारखी, यंत्राने खणली. सगळ्यांच्या कबरींवर एकसारखे लोखंडी क्रूस, कोणाचा मोठा नाही, कोणाचा लहान नाही. वर नाव लिहिलंय ते मला वाचता येत नाही. लीनाला मी विचारलं, वालबाई लिहिलंय का? नाही म्हणाली.

तुझं पत्र आलं तेव्हा ती जिवंत होती, हे तुला कळावं म्हणून लिहिते. बुधवारी संध्याकाळी आलं. लीनाने फोन पुढे धरला, मी वाचलं, दोनदा वाचलं, मग लीना म्हणाली, "आजी, मोठ्या मदरना काय सांगू?" मी म्हटलं, सांग, त्या दोन ओळी उद्या येतील. गुरुवारी प्रार्थनेनंतर मोठ्या मदरने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. शुक्रवारी बघितलं, हलवली. शनिवारी तिने बघितलं नाही.

आता इथली एक रीत ऐक.

मेलेल्या सिस्टरची जेवणाची जागा हे लोक महिनाभर रिकामी ठेवत नाहीत. तिथे क्रूस ठेवतात, फूल ठेवतात, आणि रोज ताट वाढतात. सूप, पाव, बटाटे, जे असेल ते, पूर्ण. मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आपणही पान वाढतो. फरक एवढाच, आपण कावळ्याला हाका मारतो, यांच्यात ते ताट गरिबाला द्यायचं असतं. दाराशी आलेल्या भुकेल्या माणसाला. नियमच आहे तसा, जुना.

तर सोमवारी जेवण झालं, सगळ्या उठल्या, ताट तसंच. त्यांच्यात कुजबूज सुरू झाली. बोलत नाहीत त्या बायका कुजबुजल्या म्हणजे अडचण मोठी. मी लीनाला विचारलं काय झालं. ती म्हणाली, "आजी, या गावात आता गरीब कोणी नाही. पूर्वी एक म्हातारा यायचा, त्याला सरकारने घर दिलं. ताट द्यायचं कोणाला हा प्रश्न आहे. तालुक्याच्या गावी फोन करणार आहेत."

मी म्हटलं, "मला दे."

लीना म्हणाली, "नाही आजी, ते गरिबासाठी असतं."

"म्हणूनच म्हणते, मला दे."

"तुमची तर बाग आहे ना? तुम्हीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "आहे. वादळानंतर उरलेल्या पोफळी आहेत, विहीर आहे, दोन मजली घर आहे, आता टाइल्ससुद्धा आहेत. एवढ्या घरात मला एका म्हातारीची खाट टाकता आली नाही. ती खाट जन्मभर दुसऱ्यांच्या बाळंतपणाला उठणाऱ्या बाईची होती, तिला टेकायला मागितली, आणि माझ्या पोटच्या पोराने मला उत्तरसुद्धा दिलं नाही. सांग मोठ्या मदरला हे. आणि विचार, याहून गरीब या गावात कोणी आणून दाखवता का."

लीनाने सांगितलं की नाही, किती सांगितलं, मला कळलं नाही. ती सांगताना रडत होती, तिचं नाकच जास्त वाजत होतं. मोठी मदर ऐकत राहिली. मग काठी टेबलाला टेकवली, स्वतः ताट उचललं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं. बाकीच्या उठल्या होत्या त्या परत बसल्या. मी जेवेपर्यंत बसून राहिल्या, गप्प. मी सगळं खाल्लं. पावाचा कडक भाग पाण्यात बुडवून खाल्ला. मीठ कमी होतं, मागितलं नाही.

तेव्हापासून ते ताट मी जेवते.

तिकीट सात तारखेचं होतं. मी जात नाही. मोठ्या मदरने महिना पुरा होईपर्यंत राहायची परवानगी दिलीय, मदरने माझे कागद तपासले, चालतं म्हणाली. मदर आणि लीना शनिवारी निघतील. माझ्या पत्राचा फोटो पाठवायला दुसरी कोणी पोरगी बघून ठेवलीय, तिला मराठी येत नाही, ते बरंच आहे. शिवदासला सांग, पोरांना घेऊन खुशाल ये, माझी आतली खोलीही घे. मी तिथे नाही.

कल्पे, तुझ्यावर माझा राग आहे, पण तो तुझ्या वयाएवढा आहे, जाईल. नोकरी हवी म्हणालीस, हवीच. ते मी समजते. तू निदान लिहिलंस. लपवलंस आणि मग लिहिलंस. तुझ्या बापाने एवढ्या दिवसांत माझ्यासाठी एक अक्षर काढलं नाही. त्याचं बोलणं तुझ्या पत्रातून येतं, त्याचं गप्प बसणंही तुझ्या पत्रातून येतं. चष्मा काढून ओटीवर बसला हेसुद्धा मला तुझ्याकडून कळतं.

वालबाई गेली, आता विषय संपला, असं त्याला वाटत असेल. हायसं वाटलं असेल. समोर आले की बोलू, म्हणजे समोर आले की मी भांडेन, तो मान खाली घालेल, मग मीच त्याला जेवायला वाढेन आणि मिटलं. तसं मिटणार नाही. मी जे विचारलं होतं ते अजून विचारलेलंच आहे. तिला घरात घेणार होतास की नाही?

हा कागद विनेशच्या हातात दे. वाचून दाखवू नको, त्याला वाचता येतं, मी स्वतः शाळेत घातला होता. उत्तर त्याने लिहायचं. त्याच्या अक्षरात, त्याच्या सहीने, टाइप नाही, फोन नाही, तू मजकूर सुचवायचा नाही, तुझ्या आईने नाही. "हो" असेल तर हो. "नाही" असेल तर नाही, मला चालेल, मी जन्मभर "नाही"च ऐकलंय. पण ते त्याच्या हातचं पाहिजे.

तुझं पत्र आलं तर मी वाचणार नाही. विनेशने लिहावं.

कोकिळा